घरोघरी जायचंय, असं म्हणा ना!

साठी उलटल्यावर मी नोकरीच्या मुलाखतीला गेले, आणि समोर ठेवलेला चहा निवायच्या आत मला नोकरी लागली!

बेंगळुरूच्या इंदिरानगरात खाली बेकरी आणि वर काचेचं ऑफिस. आत निळा गालिचा, भिंतीवर डोंगराच्या टोकावर हात पसरून उभ्या असलेल्या माणसाचं चित्र, आणि स्पीकरवर इतकं मोठ्याने गाणं की शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागत होतं. मुलाखत घेणाऱ्याला तिथे सगळे 'मेंटॉर सर' म्हणत. तिशीचा असेल. कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. माझे पांढरे केस बघूनही त्याची पापणी हलली नाही.

"मॅडम, तुम्हाला आयुष्यात पुढे जायचंय, की आहे तिथेच राहायचंय?" त्याने हिंदीत विचारलं.

"पुढे जायचंय," मी म्हटलं. या वयात मागे तर जाता येत नाही.

तो ताडकन उठला आणि हात पुढे केला. "ही आग फार थोड्या लोकांत दिसते. तुमचं सिलेक्शन झालं. मॅनेजमेंट ट्रेनी!"

"काम काय असेल?"

"ग्रोथ."

"ते सरी. पण दिवसभर करायचं काय?"

"ब्रँड आणि कस्टमर यांच्यामधला पूल व्हायचं."

मी पुन्हा विचारलं, तेव्हा त्याने घड्याळाकडे पाहिलं, दार उघडून धरलं आणि उद्या सकाळी ओरिजिनल सर्टिफिकेटं घेऊन यायला सांगितलं. जिना मी भराभर उतरले. इतका आनंद मला निवृत्तीनंतर झाला नव्हता. कारण त्याने सांगितलं नसलं तरी काम काय आहे ते मला पक्कं ठाऊक होतं. तेच काम मी जन्मभर केलं होतं.

आमचं घराणं बेंगळुरूत इतक्या पिढ्यांपूर्वी आलं, की घरातल्या मराठीत 'थोडं'चं 'स्वल्प' आणि 'बरं'चं 'सरी' केव्हा झालं ते कुणालाच सांगता येत नाही. आमच्या घरातल्या मुली शाळेत शिकवायच्या नाहीतर बँकेत बसायच्या. मी एकटीच खांद्यावर पिशवी अडकवून घरोघरी वस्तू विकायला निघाले. आधी व्हॅक्यूम क्लीनर, मग पाणी शुद्ध करायची यंत्रं. पुढे नव्या मुलामुलींना हेच काम शिकवायची जबाबदारी माझ्याकडे आली आणि त्यातूनच मी निवृत्त झाले.

या धंद्याबद्दल लोकांना फारसं माहीत नसतं, म्हणून थोडं सांगते. दुकानात गिऱ्हाईक आपल्या पायांनी येतं, म्हणजे त्याला काहीतरी हवं असतं. आमच्या गिऱ्हाइकाला काहीच नको असतं. त्याने कुकर लावलेला असतो, नाहीतर डोळा लागलेला असतो, आणि आपण बेल वाजवतो. दार उघडल्यापासून तो "नको" म्हणेपर्यंत जो क्षणभर वेळ मिळतो, तेवढीच आपली जागा. बहुतेक दारं लागतातच. पगार बेताचा असतो, विकलं तर वर कमिशन. ऊन लागतं, कुत्री भुंकतात. आणि तरीही, एखादी बाई "बरं, या आत" म्हणते ना, तेव्हा अंगात जे काही संचारतं त्याची मला अजून ओढ आहे.

एक निवृत्त लष्करी अधिकारी आठवतात. त्यांनी मला यंत्र चालवून दाखवायला बोलावलं आणि बैठकीतला गालिचा साफ करून घेतला. पुढच्या शनिवारी जेवणघरातला. त्याच्या पुढच्या शनिवारी गादी. मी प्रत्येक वेळी विचारलं, "सर, आता घेता ना?" ते प्रत्येक वेळी म्हणाले, "विचार करतोय." शेवटी मी हसून सांगितलं, "सर, आता तुमच्या घरात साफ करण्यासारखी मीच उरले आहे." ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. यंत्र त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. पण मला हाताला धरून शेजारच्या बंगल्यात नेलं, मग त्याच्या शेजारच्या. त्या रस्त्यावरच्या बहुतेक घरांत माझी यंत्रं गेली.

नव्या मुलांना मी एकच गोष्ट पहिल्या दिवशी शिकवायचे. दार उघडल्यावर पहिल्या वाक्यात सांगायचं की मी अमुक वस्तू विकायला आले आहे. ज्याला नको तो दार लावेल. ज्याने उघडं ठेवलं, तो खरोखर ऐकेल.

तर मी त्या काचेच्या ऑफिसात पोचले ती केतकीमुळे. केतकी नागपूरची, एम.बी.ए. झालेली. आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. 'मॅनेजमेंट ट्रेनी' म्हणून नोकरी लागली तेव्हा तिने मला पेढे दिले होते. पण थोड्याच दिवसांत मला काहीतरी खटकायला लागलं. ऑफिसात बसणाऱ्या मुलीचा चेहरा उन्हाने रापलेला. नवी चप्पल टाचेकडे झिजलेली. आणि जिना चढताना जी चाल होती ती मी लांबूनही ओळखली असती.

एका संध्याकाळी तिला थांबवून मी विचारलं, "काय विकतेस गं?"

ती तिथेच पायरीवर बसली आणि रडायला लागली.

"काकू, कार्डं विकून राहिले. जिमची, पार्लरची, हॉटेलांची सूट मिळते अशी कार्डं. पहिल्या दिवशी म्हणाले ट्रेनिंग आहे, आणि थेट गाडीत बसवून व्हाइटफील्डला उतरवलं. पगार नाही. विकलं तर कमिशन. म्हणतात, सहा महिन्यांत स्वतःचं ऑफिस मिळेल."

"मग सोड ना ती नोकरी."

"ओरिजिनल मार्कशीट, डिग्री, सगळं त्यांच्या कपाटात आहे. मधेच सोडलं तर देणार नाही म्हणतात. आणि आईला मी सांगितलंय, मी मॅनेजर झाले म्हणून. तिने सगळ्या बिल्डिंगला सांगितलंय."

मला राग आला, पण तो नेमका कशाचा हे कळायला स्वल्प वेळ लागला. कार्डं विकायला लावली याचा नव्हता. विकणं हे वाईट काम नाहीच. राग याचा होता की त्या लोकांना माझ्या कामाची लाज वाटत होती. 'घरोघरी जाऊन विकायचंय' हे साधं वाक्य त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. ते लपवायला गालिचा, गाणं आणि डोंगरावरचा माणूस आणला होता.

"मी येते बघायला," मी म्हटलं. "तू मला ओळखत नाहीस, एवढं लक्षात ठेव."

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेटं गावी आहेत अशी सबब सांगून मी हजर झाले. सकाळच्या सभेत पन्नासेक मुलं गोल करून टाळ्या वाजवत होती, ओरडत होती. केतकी समोर होती. तिने माझ्याकडे बघायचं कटाक्षाने टाळलं. मधे उभा राहून सगळ्यांना ओरडायला लावत होता तो नवीन. नवीन हे त्याचं नाव. हासनकडचा मुलगा, टीम लीडर. त्या दिवशी मला 'निरीक्षणासाठी' त्याच्याबरोबर पाठवलं.

आणि काय सांगू, मुलगा अस्सल होता! व्हाइटफील्डच्या त्या उंच इमारतींमध्ये हल्ली फाटकावरच फोनवर परवानगी लागते. बेल वाजवायचं सुख आमच्याबरोबर संपलं, याचं मला फार वाईट वाटतं. पण नवीनने रखवालदाराशी त्याच्या गावच्या जत्रेबद्दल अशा काही गप्पा मारल्या, की त्याने स्वतःच आत दोन घरांना फोन लावून विचारलं. अशी जीभ शिकवून येत नाही. मी मनातून खूश झाले. मग पहिलं दार उघडलं आणि नवीन म्हणाला, "सर, आम्ही एक सर्व्हे करतोय, विकायला आलो नाही."

मी मान खाली घातली.

दुपारी रस्त्याकडेला शहाळं पिताना मी त्याला कन्नडमध्ये विचारलं, "एवढं छान बोलतोस, मग ते पहिलं वाक्य खोटं कशाला?"

"असंच शिकवलंय, अक्का. खरं सांगितलं तर दार लावतात."

"तुला स्वतःला काय सांगून आणलं होतं?"

"एच.आर.चं काम," तो म्हणाला.

"आणि तुझं ऑफिस? सहा महिने झाले ना?"

"पुढच्या महिन्यात," तो म्हणाला, आणि लगेच स्वतःच हसला. "दोन वर्षांपासून पुढच्या महिन्यात."

"सर्टिफिकेटं?"

"कपाटात."

मी त्याला मी कोण ते सांगून टाकलं. किती वर्षं हे काम केलं, किती जणांना शिकवलं, सगळं. शहाळ्याचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत. तो ऑफिसात जाऊन सांगेल की नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळेना.

त्याने सांगितलं नाही. उलट मेंटॉर सरांनाच माझ्याबद्दल भलतंच प्रेम वाटायला लागलं. रविवारी शहराबाहेर होसकोट्याला मोठी सभा होती. कोलार, चिंतामणी, आसपासच्या गावांतून मुलं येणार होती. जाहिरातीत लिहिलं होतं: 'ऑफिसमधील काम, निश्चित पगार, ताबडतोब नियुक्ती.' त्यांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, तुम्ही स्टेजवर दोन शब्द बोला. एवढ्या वयाची बाई आमच्याकडे आली, हे पाहून मुलांना केवढं बळ येईल!"

"काय बोलू?"

"मनातलं बोला."

"नक्की?"

"अगदी मनातलं!"

शनिवारी केतकी खाली येऊन बसली. "काकू, माझी सर्टिफिकेटं त्यांनी फाडली तर?" मी तिला धीर दिला, पण खात्री मलाही नव्हती. तिच्या सगळ्या शिक्षणाची किल्ली त्या माणसाच्या खिशात होती.

होसकोट्याचं ते लग्नाचं कार्यालय खचाखच भरलं होतं. इस्त्रीचे शर्ट, केसांत ताजा मोगरा, छातीशी धरलेल्या प्लास्टिकच्या फायली. काही जणांबरोबर आईवडीलही आले होते. स्टेजवरच्या टेबलाशी एक मुलगा ओळीने येणाऱ्यांची ओरिजिनल सर्टिफिकेटं घेऊन पत्र्याच्या पेटीत ठेवत होता. गाणं वाजत होतं. स्टेजच्या कडेला, आवाजाच्या यंत्रापाशी नवीन उभा होता.

मेंटॉर सरांनी माझी ओळख करून दिली. टाळ्या झाल्या. माइक हातात आला. हजारो दारं वाजवली होती, पण एवढी माणसं एकदम कधी समोर आली नव्हती. मग मला एकदम उमगलं, की हेही दारच आहे. पहिल्या वाक्यात सांगायचं, बस.

"मी घरोघरी जाऊन वस्तू विकणारी बाई आहे," मी कन्नडमध्ये म्हटलं. "आणि तुम्हाला इथे त्याच कामासाठी बोलावलंय."

टाळ्या थांबल्या. मेंटॉर सरांना कन्नड जेमतेमच कळायचं. ते अजून हसतच होते.

"ऑफिसात काम नाही. उद्या तुम्हाला एका गाडीत घालून अनोळखी इमारतींसमोर उतरवतील. पगार नाही. विकलं गेलं तर कमिशन, नाही विकलं तर हात हलवत घरी. मी हे काम आयुष्यभर केलं. मला ते फार आवडलं. ज्याला लोकांशी बोलायला आवडतं त्याने जरूर करावं. पण हे काय आहे ते कळल्यावर करावं. आणि यासाठी कुणाचीही ओरिजिनल सर्टिफिकेटं पेटीत ठेवावी लागत नाहीत."

आता हलकल्लोळ सुरू झाला. बाजूच्या कुणीतरी मेंटॉर सरांच्या कानात सांगितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "माइक बंद कर!" ते नवीनकडे बघून ओरडले. "नवीन, माइक बंद!"

नवीनचा हात बटणावर होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने बटण फिरवलं आणि मागचं गाणं बंद झालं. माझा माइक चालूच होता. एवढी शांतता त्या लोकांच्या सभेत कधी झाली नसेल.

नवीन यंत्रापासून पुढे आला. "सर," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज माइकशिवायही मागच्या भिंतीपर्यंत गेला, "माझी सर्टिफिकेटं पण द्या."

"माझीही!" केतकी खालून ओरडली. इतका मोठा आवाज त्या मुलीत होता हे मला तेव्हा कळलं.

मग एक कोलारचे गृहस्थ, शेजारी मुलगी, थेट स्टेजवर चढले, पेटी उघडली आणि म्हणाले, "हिचं आधी." त्यांच्यामागे रांग लागली. मेंटॉर सर म्हणत होते, हा गैरसमज आहे, कंपनीची पॉलिसी आहे, बाँड आहे. मी म्हटलं, "पोलीस ठाणं जवळच आहे. चला, सगळे मिळून ती पॉलिसी त्यांना समजावून सांगू." त्यानंतर पॉलिसीचा उल्लेख झाला नाही.

ऑफिसच्या कपाटाचं काम बाकी होतं. आम्ही कंपनीच्याच गाडीत बसून इंदिरानगरला आलो. पुढे मेंटॉर सर, मागे नवीन, केतकी, मी आणि आणखी काही मुलं. कपाट उघडलं गेलं. केतकीने आपली फाइल घेतली, एकेक कागद उलटून पाहिला, आणि तिथेच निळ्या गालिच्यावर उभं राहून आईला फोन लावला.

"आई, मी मॅनेजर नाही. मी दारोदार कार्डं विकत होते. आता तेही सोडलं."

पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. केतकी बराच वेळ ऐकत राहिली. मग रडता रडता हसली. "हो गं," ती म्हणाली, "विकली ना. बरीच विकली."

ते ऑफिस महिन्याभरात रिकामं झालं. दुसऱ्या नावाने दुसरीकडे उघडलं असेल, मला त्याची खात्रीच आहे. आमचा विजय फार मोठा होता असं मी म्हणत नाही. सभेतली काही मुलं आम्ही निघालो तरी खुर्चीत बसूनच राहिली होती. त्यांना त्या डोंगरावरच्या माणसावर विश्वास ठेवायचा होता, त्यांना मी काय सांगणार?

केतकी आता एका कंपनीत हिशेबाचं काम पाहते. नवीनला मी मंजुनाथकडे नेलं. मंजुनाथला कधीकाळी मी शिकवलं होतं. आता त्याची व्हाइटफील्डला पाणी शुद्ध करायच्या यंत्रांची एजन्सी आहे. त्याने नवीनशी थोडं बोलून लगेच त्याला ठेवून घेतलं, तेही ठरलेल्या पगारावर.

"अक्का, अजून माणसं हवीत," मंजुनाथ म्हणाला. "पण जाहिरात कशी लिहू? सगळे 'एक्झिक्युटिव्ह' लिहितात. खरं लिहिलं तर कोण येणार?"

"खरंच लिही," मी म्हटलं.

जाहिरात नवीननेच लिहिली. 'घरोघरी जाऊन विक्री करायची आहे. उन्हात फिरावं लागेल. पुष्कळ लोक नाही म्हणतील. पगार ठरलेला, कमिशन वेगळं. सर्टिफिकेटची प्रत पुरे.'

मुलाखतीच्या दिवशी मीही जाऊन बसले. खुर्च्या मांडल्या होत्या, चहा सांगितला होता. पहिला तास कुणी आलं नाही. मंजुनाथ माझ्याकडे बघेना. पहिल्या वाक्यात खरं सांगायचं हे मी आयुष्यभर शिकवलं, पण नोकरी देताना ते कधी तपासूनच पाहिलं नव्हतं, असं मला वाटायला लागलं. नवीन दारात जाऊन उभा राहिला, परत आला, पुन्हा गेला. मग दोन मुलगे आले, यंत्राची जड पिशवी उचलून पाहिली, "सांगतो" म्हणाले आणि गेले.

त्यानंतर चाळिशीची एक बाई आली. साधी सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट. ती दारातच थांबली आणि तिने जाहिरातीचा फोनवरचा फोटो पुढे केला.

"हे खरं आहे?" तिने विचारलं. "उन्हात फिरायचं, लोक नाही म्हणणार, हे सगळं?"

"सगळं खरं आहे," नवीन म्हणाला. "पगारसुद्धा."

तिने आमच्या तिघांकडे नीट पाहून घेतलं. खुर्ची पुढे केली होती, तिच्यावर ती बसली नाही. कोपऱ्यातली पिशवी उचलून खांद्याला अडकवली, पट्टा आपल्या उंचीला जुळवून घेतला.

"मग बसायचं कशाला?" ती म्हणाली. "पहिलं घर कोणतं?"